एटीपी फायनल्सचा गट-तक्ता स्वतः कसा मांडावा

नोव्हेंबरात एटीपी फायनल्स, म्हणजे आठ अव्वल पुरुष टेनिसपटूंची वर्षअखेरची स्पर्धा, सुरू झाली की साखळीच्या शेवटच्या फेरीत हमखास गोंधळ उडतो. दोन सामने जिंकलेला बाहेर आणि एकच जिंकलेला आत, हे कसे? टेनिसच्या बाकी स्पर्धांत हरला तो घरी गेला, त्यामुळे प्रेक्षकाला हिशेबाची सवय नसते. आपल्याकडे तर नेट रन रेट किंवा कबड्डीतला गुणफरक डोक्यात पक्का बसलेला असतो आणि तोच इथे लावला जातो. इथे फरक चालत नाही, टक्केवारी चालते. शिवाय ती कधी काढायची याचा क्रम ठरलेला आहे. क्रम चुकला तर आकडे बरोबर असूनही उत्तर चुकते.

कोरा कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढे पुरते. पेन्सिलच घ्या, पेन नको. कारण पुढे येईलच.

आठ नावे कुठून येतात

जानेवारीपासून मिळवलेल्या गुणांची वेगळी यादी असते, तिला रेस म्हणतात. मागच्या ५२ आठवड्यांचे गुण मोजणारी नेहमीची क्रमवारी वेगळी. ऑगस्ट-सप्टेंबरात या दोन याद्यांत बराच फरक दिसतो. पात्रतेसाठी रेसच बघायची. आपल्या बालेवाडीत एटीपीची स्पर्धा होत होती तेव्हा काहींची रेस पुण्यातूनच सुरू व्हायची. जानेवारी २०१८ मध्ये तिथे अंतिम सामना हरलेला केविन अँडरसन त्याच वर्षी लंडनला फायनल्स खेळला. त्याचा गट पुढे उदाहरणाला येईल.

पहिले सात थेट आत. आठव्या जागेसाठी अट आहे. त्या वर्षी ग्रँड स्लॅम (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकलेला खेळाडू ८ ते २० या क्रमांकांत असेल तर जागा त्याची, नसेल तर आठव्या क्रमांकाची. २०२२ मध्ये विंबल्डनला क्रमवारीचे गुणच दिले गेले नव्हते. विंबल्डन जिंकलेल्या जोकोविचला तेव्हा याच अटीचा आधार होता, आणि पुढे त्याने फायनल्सही जिंकली.

आता पेन्सिलचे कारण. २०२५ मध्ये फायनल्सच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अथेन्सचा अंतिम सामना होता. त्यात मुसेट्टी जोकोविचकडून हरला, म्हणजे इटलीत तुरिनला होणाऱ्या फायनल्सची त्याची संधी गेली. मग जोकोविचनेच फायनल्समधून माघार घेतली आणि मुसेट्टी आत आला. रविवारी पहिला चेंडू पडेपर्यंत यादी पक्की धरू नये.

गट आणि कागदावरचे रकाने

आठ जणांचे चार-चारचे दोन गट होतात. पहिले मानांकन एका गटात, दुसरे दुसऱ्यात. मग ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्यांतून चिठ्ठी काढून एकेक जण दोन्हीकडे जातो. प्रत्येक जण गटातल्या इतर तिघांशी खेळतो, म्हणजे गटात सहा सामने. प्रत्येक गटातले पहिले दोघे उपांत्य फेरीत. एका गटातला पहिला दुसऱ्या गटातल्या दुसऱ्याशी खेळतो. सामने तीन सेटचे असतात, तिसऱ्या सेटमध्येही ६-६ वर टायब्रेक (सेटचा निकाल लावणारा जादा गेम). २००८ पासून अंतिम सामनाही तीनच सेटचा आहे, त्याआधी तो पाच सेटचा असे.

प्रत्येक गटासाठी पाच रकाने पाडा: नाव, खेळलेले सामने, विजय, सेट (जिंकले-हरले), गेम (जिंकले-हरले). सामना संपला की दोघांच्या ओळी लगेच भरा, दिवसाअखेरीस एकदम नको. ७-६(४) असा सेट आला तर एकाला ७ गेम, दुसऱ्याला ६. कंसातला आकडा टायब्रेकमधल्या गुणांचा आहे, तो कुठेच मोजायचा नाही.

पडताळा सोपा आहे. चौघांच्या जिंकलेल्या गेमची बेरीज आणि हरलेल्या गेमची बेरीज सारखी आली पाहिजे, सेटचेही तसेच. नाही आली तर कुठल्या तरी सामन्यात ६-४ च्या जागी ४-६ पडले आहे. बहुतेकदा पहिला सेट हरून सामना जिंकलेल्याच्या ओळीत.

बरोबरी सोडवण्याचा क्रम

१. ज्याचे विजय जास्त तो वर.

२. विजय सारखे असतील तर ज्याने सामने जास्त खेळले तो वर. तीन सामन्यांत दोन विजय मिळवणारा, दोनच सामने खेळून दोन्ही जिंकणाऱ्याच्या वर. ही पायरी मुख्यतः राखीव खेळाडू मधेच आला असेल तेव्हा लागते.

३. तरीही दोघांतच बरोबरी असेल तर त्या दोघांचा या स्पर्धेतला आपसातला सामना कोणी जिंकला ते बघा. कारकिर्दीतले आकडे इथे लागू नाहीत. 'याने त्याला बारा वेळा हरवले आहे' हा मुद्दा चहाच्या टपरीवर ठीक, तक्त्यात नाही.

४. तिघांत बरोबरी असेल तर आधी जिंकलेल्या सेटची टक्केवारी. ती सारखी तर जिंकलेल्या गेमची टक्केवारी. तीही सारखी तर क्रमवारी. एक बारकावा: तिघांचा प्रत्येकी एकच विजय असेल आणि त्यातला कोणी तीनही सामने खेळला नसेल, तर तो आधी गळतो आणि उरलेल्या दोघांचा निकाल आपसातल्या सामन्यावर लागतो.

५. चौथ्या पायरीवर एक जण स्पष्ट वर किंवा स्पष्ट खाली निघाला आणि उरलेले दोघे पुन्हा बरोबरीत राहिले, तर पुढची टक्केवारी काढायची नाही. मागे जाऊन त्या दोघांचा आपसातला सामना बघायचा.

सगळा घोळ तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पायरीत होतो. तिघे बरोबरीत असताना लोक सुरुवातीलाच 'पण याने त्याला हरवले ना?' असे म्हणतात. तिघांच्या बरोबरीत तो प्रश्न पाचव्या पायरीपर्यंत विचारायचाच नाही.

आधी गटाचा साचा ओळखा

सहा सामने, म्हणजे सहा विजय. चौघांत ते चारच तऱ्हांनी वाटले जातात: ३-२-१-०, २-२-१-१, ३-१-१-१ आणि २-२-२-०. पहिल्या साच्यात काहीच करायचे नाही. दुसऱ्यात फक्त पहिला कोण हे आपसातल्या सामन्यावरून ठरवायचे. २०१८ मध्ये फेडरर आणि अँडरसन दोघांचे दोन-दोन विजय होते, थीम आणि निशिकोरीचा एकेक. अँडरसनने निशिकोरीला ६-०, ६-१ असे धुतले होते आणि गेमच्या टक्केवारीत तो पुढे होता. त्याचा काही उपयोग नव्हता. फेडररने त्याला ६-४, ६-३ हरवले होते, म्हणून फेडरर पहिला. बरोबरी दोघांची होती, टक्केवारीचा प्रश्नच नव्हता.

कॅल्क्युलेटर लागतो तो शेवटच्या दोन साच्यांत. ते येणार की नाही, हे शेवटच्या फेरीआधीच कळू शकते. ही युक्ती फारशी कोणी सांगत नाही.

पहिल्या फेरीतले दोन विजेते सहसा दुसऱ्या फेरीत एकमेकांशी खेळतात आणि हरलेले एकमेकांशी. त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर गट नेहमी सारखाच दिसतो: एक जण २-०, दोघे १-१, एक ०-२. आता एवढेच बघा, २-० वाल्याचा शेवटचा सामना कोणाशी आहे?

तो ०-२ वाल्याशी असेल तर कागद बाजूला ठेवा. दोघे १-१ वाले एकमेकांशी भिडणार, जिंकेल तो आत. २-० वाला आधीच पक्का, ०-२ वाला आधीच बाहेर. निकाल काहीही लागो, तिघांची बरोबरी होतच नाही.

तो १-१ वाल्याशी असेल तर जागे राहा. तेव्हा सहसा कोणीच पूर्ण सुरक्षित नसतो आणि कोणीच पूर्ण बाहेरही नसतो. २-० वाला हरला आणि दुसरा १-१ वाला जिंकला, की २-२-२-०. २-० वाला जिंकला आणि ०-२ वाल्यानेही जिंकून दाखवले, की ३-१-१-१. चार शक्यतांपैकी दोन तिघांच्या बरोबरीच्या. पुढची तिन्ही उदाहरणे याच प्रकारची आहेत.

२००९, लंडन: एका गेमने हुकलेले

गटात फेडरर, देल पोत्रो, मरे आणि व्हेर्दास्को. निकाल असे (वि. वि. म्हणजे विजयी विरुद्ध):

फेडरर वि. वि. व्हेर्दास्को ४-६, ७-५, ६-१
मरे वि. वि. देल पोत्रो ६-३, ३-६, ६-२
फेडरर वि. वि. मरे ३-६, ६-३, ६-१
देल पोत्रो वि. वि. व्हेर्दास्को ६-४, ३-६, ७-६
देल पोत्रो वि. वि. फेडरर ६-२, ६-७, ६-३
मरे वि. वि. व्हेर्दास्को ६-४, ६-७, ७-६

सहाच्या सहा सामने तीन सेटमध्ये गेले. त्यामुळे दोन-दोन विजय असलेल्या तिघांचेही सेट ५-४, म्हणजे ५५.५६ टक्के. चौथ्या पायरीचा पहिला भाग वाया गेला, आता गेम:

फेडरर ४४-४०, एकूण ८४, म्हणजे ५२.३८ टक्के
देल पोत्रो ४५-४३, एकूण ८८, म्हणजे ५१.१४ टक्के
मरे ४४-४३, एकूण ८७, म्हणजे ५०.५७ टक्के

व्हेर्दास्कोचे ४५-५२. पडताळा करा: जिंकलेले ४४+४५+४४+४५ = १७८, हरलेले ४०+४३+४३+५२ = १७८. जुळले.

मरे बाहेर. त्याने देल पोत्रोला हरवले होते, तरी बाहेर, कारण तिघांच्या टक्केवाऱ्या वेगवेगळ्या निघाल्या आणि पाचव्या पायरीची वेळच आली नाही. शेवटच्या सामन्यात व्हेर्दास्कोविरुद्धचा पहिला सेट मरेने ६-४ ऐवजी ६-३ जिंकला असता तर त्याचे ४४-४३ चे ४४-४२ झाले असते, म्हणजे ५१.१६. देल पोत्रो ५१.१४ वर होता. एक गेम. उपांत्य फेरीत पोचलेला देल पोत्रो मग अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दाविदेन्कोकडून हरला.

यावरून एक सवय लावून घ्या: टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत काढा. त्याआधीच थांबलात तर अशा वेळी चुकण्याची शक्यता फार.

२०२५, तुरिन: एका विजयावर आत

अल्काराझ, फ्रिट्झ, मुसेट्टी, डी मिनॉर. दोन फेऱ्यांनंतर अल्काराझ २-०, फ्रिट्झ आणि मुसेट्टी १-१, डी मिनॉर ०-२. शेवटच्या फेरीत अल्काराझ विरुद्ध मुसेट्टी, म्हणजे जागे राहायचा प्रकार. डी मिनॉरने फ्रिट्झला ७-६, ६-३ हरवले, अल्काराझने मुसेट्टीला ६-४, ६-१. साचा ३-१-१-१.

सेट मांडा. डी मिनॉर: अल्काराझविरुद्ध ०-२, मुसेट्टीविरुद्ध १-२, फ्रिट्झविरुद्ध २-०, एकूण ३-४. फ्रिट्झ: मुसेट्टीविरुद्ध २-०, अल्काराझविरुद्ध १-२, डी मिनॉरविरुद्ध ०-२, एकूण ३-४. मुसेट्टी: ०-२, २-१, ०-२, एकूण २-५. दोघे ४२.८६ टक्क्यांवर, मुसेट्टी २८.५७ वर.

इथे बहुतेक जण गेम मोजायला घेतात. थांबा. मुसेट्टी स्पष्ट खाली गेला, दोघे उरले, म्हणजे पाचवी पायरी. डी मिनॉरने फ्रिट्झला हरवले आहे, तो आत. मुसेट्टीने डी मिनॉरला ७-५, ३-६, ७-५ हरवले होते, पण तिघांच्या बरोबरीत त्या विजयाने तो वाचला नाही. शिवाय त्यात गेलेला एक सेटही त्याच्या नावावर लागला.

२०२३, तुरिन: 'असे झाले तर' कसे मांडावे

शेवटच्या फेरीआधीचे भाकीत करायचे तर या गटासारखा धडा नाही. सिनर २-०, सेट ४-१. जोकोविच १-१, सेट ३-३. रुने १-१, सेट ३-२. त्सित्सिपास ०-२ आणि दुखापतीने बाहेर, त्याच्या जागी राखीव हुरकाच. शेवटचे सामने: जोकोविच-हुरकाच दुपारी, सिनर-रुने रात्री.

रुनेच्या ३-२ कडे जरा बघा. जोकोविचकडून तो १-२ हरला. त्सित्सिपासने त्याच्याविरुद्ध तीन गेम झाल्यावर सामना सोडला. अर्धवट सोडलेला सामना तक्त्यात सरळ दोन सेटचा विजय धरतात, म्हणून २-०. मात्र त्या सामन्यातले गेम गेमच्या टक्केवारीत मोजत नाहीत. या दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवा: सेट पूर्ण, गेम शून्य. ज्या गटात असा सामना असेल तिथे वर सांगितलेला गेमचा पडताळा तो सामना वगळूनच करायचा. माघार घेतलेल्या खेळाडूचे आधीचे निकाल मात्र कायम राहतात.

आता मांडणी. दुपारच्या सामन्याचा निकाल आधी धरा आणि त्याखाली रात्रीचे निकाल लिहा.

जोकोविच सरळ दोन सेटमध्ये जिंकला तर त्याचे सेट ५-३, ६२.५ टक्के. मग रात्री रुने २-० जिंकला तर रुने ५-२ (७१.४३), सिनर ४-३ (५७.१४). म्हणजे दोन विजय घेऊन आलेला सिनर बाहेर! रुने २-१ जिंकला तर तिघेही ५-३, मग गेम मोजायचे.

जोकोविचने एक सेट गमावला तर त्याचे ५-४, ५५.५६ टक्के. मग रुने २-० जिंकला तरी सिनर ५७.१४ वर, म्हणजे सिनर आत आणि जोकोविच बाहेर. रुने २-१ जिंकला तरी सिनर आणि रुने ६२.५ वर, जोकोविच पुन्हा बाहेर. थोडक्यात, रुने कसाही जिंकला तरी जोकोविचची स्पर्धा संपली.

घडले दुसरे. जोकोविच ७-६, ४-६, ६-१ जिंकला. ४-६ चा तो सेट गेला त्या क्षणी सिनर उपांत्य फेरीत पक्का झाला आणि जोकोविचचे नशीब त्याच्या हाती गेले. सिनरने रात्री रुनेला ६-२, ५-७, ६-४ हरवले, जोकोविचला आत घेतले, आणि तीन दिवसांनी अंतिम सामन्यात त्याच्याचकडून ६-३, ६-३ हरला. हरून त्याला बाहेर काढण्याची मुभा सिनरकडे होती, यावर अजूनही वाद रंगतो.

५-४ आणि ४-३, दोन्हीत फरक एकच सेटचा. गुणफरकाच्या सवयीने इथे बरोबरी दिसली असती. टक्केवारी ५५.५६ विरुद्ध ५७.१४ सांगते. फरक सारखा आणि हरलेल्यांपेक्षा जिंकलेले सेट जास्त असतील तेव्हा कमी सेट खेळलेला पुढे राहतो.

राखीव खेळाडू

दोन राखीव असतात. पहिल्या सामन्याआधीच कोणी गेले तर राखीवाला तीनही सामने मिळतात. मधे आला तर आधीच्या खेळाडूचे विजय-पराजय त्याच्या खात्यात येत नाहीत, त्याची स्वतंत्र पाचवी ओळ काढा. २०२१ मध्ये बेरेटिनीच्या जागी आलेल्या सिनरने हुरकाचला ६-२, ६-२ हरवले, नंतर मेदवेदेवकडून हरला. दोनच सामने मिळाले की दुसऱ्या पायरीवर अडकण्याचा धोका कायम असतो. हुरकाचसारखा शेवटचा एकच सामना मिळालेल्याला तर उपांत्य फेरी जवळपास अशक्यच.

गुण आणि घड्याळ

साखळीतल्या प्रत्येक विजयाला २०० गुण, उपांत्य विजयाला ४००, अंतिम विजयाला ५००. एकही सामना न हरता जिंकणारा १५०० घेऊन जातो. साखळीत एक हरून जिंकला तर १३००. वर्षअखेर पहिला क्रमांक कोणाचा हे ठरायचे असेल तर साखळीतले ते २०० सुद्धा मोलाचे, म्हणून उपांत्य फेरी नक्की झालेला खेळाडू शेवटचा सामना सैल सोडेल असे गृहीत धरू नका.

नोव्हेंबरात इटली आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. अलीकडच्या वर्षांत तुरिनला दुपारचा एकेरी सामना तिथल्या दोनला आणि रात्रीचा साडेआठला असतो. आपल्याकडे ते संध्याकाळी साडेसहा आणि रात्री एक. म्हणजे तिथल्या गुरुवारचा रात्रीचा सामना आपल्या शुक्रवारी सुरू होतो. मोबाइलवर आठवण लावताना तारीख नक्की तपासा, इथे दरवर्षी अनेकांचा सामना हुकतो. दुपारचा सामना संपताच वरच्यासारखी 'असे झाले तर'ची चार ओळींची मांडणी करून ठेवा: २-०, २-१, १-२, ०-२, आणि प्रत्येकासमोर आत जाणाऱ्या दोघांची नावे. मग झोपलात तरी सकाळी फक्त सेटचा आकडा बघून त्या ओळीवर बोट ठेवायचे.